शिकारीचा पैसा गावात पोचावा

बोत्स्वानातील परवान्याची हत्ती-शिकार सरसकट बंद पाडू पाहणे चूक आहे. पण तिचा पैसा गावात पोचत नसेल, तर परवान्यांचेही समर्थन होऊ शकत नाही.

सुमारे १ लाख ३० हजार हत्तींच्या देशात वर्षाकाठी काहीशे परवान्यांनी संख्या ढासळत नाही. हत्तींची झळ बसते ती चोबे जिल्ह्यातल्या जंगलाकडेच्या शेतकऱ्याला. रात्रीत कळप उभी ज्वारी तुडवतो. सकाळी मातीत परातीएवढी पावले उरतात. त्याला मोबदला मिळाला नाही, तर तो चोरट्या शिकाऱ्याची वाट अडवणार नाही.

पुढच्या हंगामाआधी प्रत्येक शिकारक्षेत्राच्या परवान्यांची रक्कम आणि त्यातला गावाचा वाटा सरकारने जाहीर करावा.