‘बिचारी’ नको, बिली हवी!

बिली हॉलिडेची दोन-चार गाणी कानावर पडली, आवडली. आता पुढे काय ऐकायचं? प्रश्न साधा वाटतो, पण मोबाईलवर तिचं नाव टाकून बघा, ट्रॅक्सचा नुसता पाऊस पडतो. १९३३ ते १९४४ या काळात कोलंबिया आणि तिच्या जोडीच्या लेबल्ससाठी तिने जे गायलं, तेवढंच २००१ साली एका संचात निघालं, तर त्याच्या १० सीडी झाल्या आणि ट्रॅक झाले २३०! त्यानंतरची पंधरा वर्षं वेगळीच. सबमिशन सांभाळून एवढं सगळं कोण ऐकणार? निवड ही करावीच लागते.

अशा वेळी जाणकार मंडळी दोन सल्ले हमखास देतात. एक म्हणजे ‘स्ट्रेंज फ्रूट’ आणि दुसरा म्हणजे १९५८ साली रेकॉर्ड केलेला ‘लेडी इन सॅटिन’ हा आल्बम. दोन्ही थोर आहेत, वादच नाही. पण माझं स्पष्ट मत असं की पुढची पायरी म्हणून हे दोन्ही नकोत. ते ऐकायचेच आहेत, पण नंतर.

कारण सांगते. बिलीची कहाणी आपल्याला तिच्या गाण्याच्या आधीच कळलेली असते. १९१५ चा जन्म, हलाखीचं बालपण, ड्रग्ज, १९४७ साली तुरुंग, त्यापायी न्यूयॉर्कच्या क्लबांत गाण्याचा परवाना गेलेला, आणि शेवटी १९५९ मध्ये हॉस्पिटलच्या खाटेवरच अटक होऊन ४४ व्या वर्षी मृत्यू. हे सगळं डोक्यात असताना ‘लेडी इन सॅटिन’ लावलं की तो घासलेला, थकलेला आवाज ऐकून आपण हळहळतो. ‘बिचारी!’ म्हणतो. म्हणजे गाणं ऐकायला म्हणून निघतो आणि सांत्वनाला जाऊन येतो. कलाकारावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. तिला दया नको होती हो, दाद हवी होती. आणि दाद द्यायची तर ती नेमकं काय करत होती, ते आधी कळायला हवं.

म्हणून पुढचा मुक्काम १९३५ ते १९३८. पियानोवादक टेडी विल्सनच्या छोट्या बँडबरोबरच्या रेकॉर्डी. पहिलं सेशन २ जुलै १९३५ चं. ‘व्हॉट अ लिट्ल मूनलाइट कॅन डू’ त्याच दिवशीचं. बिली तेव्हा २० वर्षांची होती. म्हणजे आपल्या टी.ई.च्या वर्गातली!

या रेकॉर्डी मुख्यतः ज्यूकबॉक्सच्या धंद्यासाठी काढलेल्या. तीन-तीन मिनिटांच्या. पुष्कळ गाणी अगदीच सामान्य, ‘चंद्र-चांदणं-प्रेम’ छापाची. बिलीला ठरलेली रक्कम मिळायची, रॉयल्टी नाही. बऱ्याच ठिकाणी ती मध्येच येते, एक आवर्तन गाते आणि बाजूला होते, बाकी वेळ वाद्यं. आता तिच्याकडे असलेली सामग्री बघा : संगीताचं रीतसर शिक्षण नाही, आवाजाचा पल्ला सप्तकापेक्षा थोडासाच जास्त. इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलायचं तर स्पेसिफिकेशन अगदी बेताचं. पण आउटपुट?

तिची युक्ती लयीत आहे. ड्रम्सचा ठोका पुढे निघून जातो आणि ही मागून रमतगमत येते. वाटतं, आता चुकली! पण ओळ संपताना बरोबर जागेवर हजर. मूळ चालीतले उंच सूर ती सरळ खाली आणते, चाल जवळजवळ बोलण्यासारखी करून टाकते, आणि मग एखादाच शब्द किंचित वळवते. ठुमरीत एकाच शब्दाशी चाललेला खेळ ज्याने ऐकलाय, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. ओळ थोर नसली तरी तिच्या तोंडून ती खरी वाटते. हे दुःखातून आपोआप आलेलं नाही. हे कसब आहे, आणि ते विशीतच तिच्या हातात होतं.

या काळातलं एकच सेशन निवडायचं तर २५ जानेवारी १९३७ चं निवडा. काउंट बेसीच्या बँडमधली मंडळी त्यात आहेत, आणि सॅक्सोफोनवर आहे लेस्टर यंग. ‘धिस इयर्स किसेस’मध्ये आधी लेस्टर चाल वाजवतो आणि मग बिली गाते. वाद्य कुठलं आणि गळा कुठला, असा प्रश्न पडावा इतकं दोघांचं वळण सारखं. ‘लेडी डे’ हे नाव तिला लेस्टरनेच दिलं, आणि तिने त्याला ‘प्रेझ’ म्हणजे प्रेसिडेंट केलं.

एवढं ऐकून झालं की मग जोड्या लावा. एकच गाणं, दोन काळ. ‘दीज फूलिश थिंग्ज’ १९३६ चं ऐका आणि लगेच १९५२ चं, ऑस्कर पीटरसनच्या पियानोबरोबरचं. ‘बॉडी अँड सोल’ १९४० चं आणि १९५७ चं. आवाज जाड झालाय, चाल संथ झालीय, पण मागे राहून गाठायची ती खोड तीच. काय गेलं आणि काय राहिलं, हे आपल्याच कानांना कळतं. कुणा समीक्षकाला विचारायला नको.

आता ‘स्ट्रेंज फ्रूट’ लावा. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना झाडाला लटकवून मारत, त्यावरचं हे गाणं, एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या शाळामास्तराने लिहिलेलं. कोलंबियाने ते रेकॉर्ड करायला नकार दिला, तेव्हा २० एप्रिल १९३९ रोजी ‘कमोडोर’ या छोट्या लेबलने केलं. आधीच्या खेळकर रेकॉर्डी ऐकलेल्या असल्या की इथे तिने काय काय मुद्दाम टाळलंय ते जाणवतं. गंमत नाही, लाडिकपणा नाही, एकही दागिना नाही. हा संयम निवडलेला आहे. नुसतं ‘दुःखी गाणं’ म्हणून ऐकलं तर हे निसटतंच.

‘लेडी इन सॅटिन’ सगळ्यात शेवटी. तेव्हा त्या भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रापुढे उभी असलेली बाई बिचारी वाटणार नाही. पल्ला आणखी आखडलाय, तरी उरलेल्या चार सुरांत हिशेब नेमका मांडणारी गायिका दिसेल.

काहीजण म्हणतील, आयुष्य आणि गाणं वेगळं कसं काढणार? नका काढू. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. आधी गाणं, मग आयुष्य.

आणि पटत नसेल तर एक व्हिडिओ जरूर बघा. ८ डिसेंबर १९५७ रोजी अमेरिकन टीव्हीवर झालेला ‘फाइन अँड मेलो’. गाणं तिचं स्वतःचं, १९३९ साली ‘स्ट्रेंज फ्रूट’च्याच दिवशी रेकॉर्ड केलेलं. भोवती बुजुर्ग वादक अर्धवर्तुळात. आजारी लेस्टर उभा राहतो आणि एकच छोटं आवर्तन वाजवतो. त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघा. मान डोलावत, ओठांवर हसू ठेवून ती प्रत्येक सूर टिपतेय. १९५९ च्या मार्चमध्ये लेस्टर गेला आणि जुलैत ती. पण त्या क्षणी ती बिचारी अजिबात नाही. बरोबरीच्या कलाकाराला बरोबरीची दाद देणारी कलाकार आहे. दाद कशी द्यायची, ते तिच्याकडूनच शिकावं!