कुलूप आणि किल्ली

कारखान्यात सफाई करणारा कामगार यंत्रात सापडून मरण पावला की, दुसऱ्या दिवशी एक ठराविक वाक्य कानी येते: 'त्याचाच निष्काळजीपणा नडला.' हे वाक्य सोयीचे आहे. कारण मृत मनुष्य त्यास उत्तर देऊ शकत नाही. परंतु यंत्राच्या पोटात हात घालून तो पुसत असताना पलीकडून कोणी बटण दाबले, तर निष्काळजी कोणास म्हणावे?

१९४८ च्या कारखाना कायद्याने चालत्या यंत्राची धोक्याची सफाई स्त्रिया व अल्पवयीन यांच्याकडून करून घेण्यास मनाई केली. प्रौढ पुरुषाचा हात जणू पोलादाचाच! चुकून सुरू होऊ शकणारी कळ बंद स्थितीत अडकवून ठेवण्याची सोय हवी, असे १९७६ च्या दुरुस्तीने सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. कुलपाची गरज मात्र संपलेली नाही.

उपाय खर्चाचा नाही. सफाईपूर्वी वीज तोडावी, कळीला कुलूप घालावे आणि किल्ली सफाई करणाऱ्याच्याच खिशात राहावी. यंत्र सुरू होत नाही, याची खात्री करूनच हात घालावा. अडचण एकच: तेवढा वेळ उत्पादन थांबते. 'यंत्र थांबवा' म्हणण्याचा धीर कंत्राटी कामगाराला होत नाही. तो चालत्या पट्ट्यावरच फडके फिरवतो.

वेर्णे, कुंडई येथील कारखानदारांस आमचे एवढेच सांगणे आहे: फाटकाला कुलूप लावता, तसे यंत्रालाही लावा. सरकारी निरीक्षकांनीही नोंदवह्या चाळण्याआधी किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे पाहावे.