रॉकेटआधी कागद



सातारा-सांगलीकडच्या विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलचं रॉकेट हमखास दिसतं. पण खरा उपग्रह रॉकेटवर चढतो, त्याआधी त्याचे कागद तयार व्हावे लागतात.

२२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलोचा उपग्रह पीएसएलव्ही-सी३४ मधून श्रीहरिकोट्याहून झेपावला. सोबत आणखी १९ उपग्रह होते. अशा वेळी प्रत्येकाचं वजन, मापं, गुरुत्वमध्य, जोडणीची जागा, कंपन चाचणीचे निकाल हे सगळं लेखी लागतं. त्यावरूनच रॉकेटवाले जोडणी ठरवतात.

१९९९ मध्ये नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नष्ट झालं. एका गटाने पौंडाच्या हिशेबात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटनचे समजून वापरले होते. एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापला की नाराज होणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

माझं मत असं, की प्रदर्शनात निम्मे गुण कागदाला द्यावेत. मुलांनी आपल्या प्रतिकृतीची मापं आणि जोडणी मराठीत एका पानावर लिहावी. दुसऱ्या गटाने ते पान वाचून, काहीही न विचारता, ती जोडून दाखवावी. जिथे अडेल, तिथलं वाक्य मुलांनी पुन्हा लिहावं. विज्ञानाइतकाच हा भाषेचाही तास आहे.