स्पॅनिश क्रियापद कोणत्या भाषेतून चालवावे?

विदेशी भाषेच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याची क्रियापदाशी गाठ पडते, आणि त्या भाषेशी त्याचे पुढे काय नाते राहणार हे बहुधा तेव्हाच ठरून जाते. स्पॅनिशच्या बाबतीत ही गाठ पुष्कळदा ‘आब्लार’, म्हणजे ‘बोलणे’, ह्या क्रियापदाशी पडते. ते नियमित आहे, म्हणून सोपे आहे, असे धरून शिक्षक फळ्यावर त्याचा तक्ता मांडतात व विद्यार्थी तो पाठ करतात. पाठांतराला माझा विरोध नाही. शब्दरूपावली घोकणाऱ्या परंपरेत वाढलेल्या कोणाचाही तो असू नये. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या तक्त्यातील प्रत्येक रूपापुढे जो अर्थ लिहिला जातो तो इंग्रजीत असतो. मराठी विद्यार्थ्याला स्पॅनिश क्रियापदाकडे इंग्रजीच्या वाटेने नेणे म्हणजे त्याची वाट लांबविणे, आणि काही ठिकाणी ती चुकविणे होय, असे माझे मत आहे. त्याची कारणे येथे मांडावयाची आहेत.

प्रथम तक्त्याचे स्वरूप पाहू. स्पॅनिश क्रियापदांचे ‘आर’, ‘एर’ व ‘इर’ असे तीन गण आहेत. ‘आब्लार’ पहिल्या गणातले. वर्तमानकाळी त्याची रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान अशी होतात. स्वार्थाचे साधे काळ पाच. त्याखेरीज ‘सुब्खुन्तीवो’ नावाचा एक अर्थ आहे. इच्छा, शंका, अपेक्षा, अनिश्चितता ह्यांच्या आश्रयाने येणारी रूपे त्यात मोडतात. त्याच्या भूतकाळाच्या दोन पर्यायी मालिका वेगळ्या मोजल्या तर त्यात चार मालिका येतात. अशा नऊ मालिका, प्रत्येकी सहा रूपे, म्हणजे ५४ रूपे झाली. ‘आबेर’ हे साहाय्यक क्रियापद लावून होणारी संयुक्त रूपेही तितकीच. आज्ञार्थाची खास स्वतःची रूपे दोन. एका नियमित धातूची ही ११० रूपे पाहून विद्यार्थी बिचकतो, ह्यात नवल नाही. तथापि त्याला खरी अडचण संख्येची नसते. कोणते रूप कोठे वापरावे, ही त्याची अडचण असते. आणि इंग्रजी अर्थाचा रकाना त्याला नेमका तेथेच दगा देतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात मराठी माध्यमातून शिकून आलेला एक विद्यार्थी होता. आजोबांवर लिहिलेल्या निबंधात त्याने सर्वत्र ‘आब्लो’ हे भूतकाळाचे रूप वापरले होते. आजोबा रोज संध्याकाळी आमच्याशी बोलत, असे त्याला म्हणावयाचे होते, आणि तेथे ‘आब्लाबा’ हवे होते. त्याच्या पाठ्यपुस्तकात दोन्ही रूपांपुढे ‘स्पोक’ हा एकच इंग्रजी शब्द दिलेला होता. तो कोणत्या आधारावर निवड करणार? वही लाल शाईने भरून परत येई, आणि आपल्याला भाषेची गतीच नाही असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. अभ्यासक्रम सोडावा काय, असे विचारावयास तो आला, तेव्हा मी त्याला निबंधातले वाक्य मराठीत सांगावयास सांगितले. “आजोबा रोज बोलत,” तो म्हणाला. “आजोबा रोज बोलले, असे का नाही म्हणालास?” असे विचारताच तो हसला. असे कोणी म्हणत नाही, हे त्याला ठाऊक होते. हा भेद तो लहानपणापासून अचूक पाळीत आला होता. ‘बोलला’ आणि ‘बोलत असे’ किंवा ‘बोले’ हा भेद मराठीत आहे. आपले व्याकरणकार त्याला रीतिभूतकाळ म्हणून ओळखतात. ‘आब्लो’ व ‘आब्लाबा’ ह्यांतला भेद पुष्कळ अंशी तोच आहे, आणि ‘बोलत होता’ हेही रूप ‘आब्लाबा’च्याच कक्षेत येते. जे विद्यार्थ्याजवळ होते ते आपण त्याच्या हातून काढून घेतले, आणि नंतर त्याला ते नाही म्हणून दोष दिला.

संयुक्त काळांची गोष्ट याहून सरळ आहे. ‘ए आब्लादो’ म्हणजे बोललो आहे. ‘आबीआ आब्लादो’ म्हणजे बोललो होतो. ‘आब्रे आब्लादो’ म्हणजे बोललो असेन. ‘आब्रीआ आब्लादो’ म्हणजे बोललो असतो. चारही ठिकाणी भूतकालवाचक धातुसाधिताला साहाय्यक क्रियापदाची जोड आहे, आणि काळाचा भार साहाय्यकावर आहे. ‘आहे, होतो, असेन, असतो’ ही चौकडी मराठी मुलाला शिकवावी लागत नाही. ती दाखवून द्यावी लागते, इतकेच.

सुब्खुन्तीवोचा बागुलबुवा तर इंग्रजीनेच उभा केलेला आहे. आजच्या इंग्रजीत ह्या अर्थाची रूपे जवळजवळ झिजून गेली आहेत, म्हणून इंग्रजीतून शिकविणाऱ्याला तो एक गूढ विषय वाटतो व तो हे गूढ विद्यार्थ्याला वारशाने देतो. ‘क्येरो के आब्लेस’ ह्या वाक्याचे इंग्रजी करताना क्रियापद पुरुषवाचक राहत नाही, त्याचे तुमन्त होते. मराठी काय करते? ‘तू बोलावेस अशी माझी इच्छा आहे.’ येथे गौण वाक्य आहे, त्याला स्वतःचा कर्ता आहे, क्रियापदाला द्वितीय पुरुषाचा प्रत्यय आहे, आणि ते विध्यर्थात आहे. स्पॅनिश वाक्याची घडण हीच. ‘बोलतोस’ आणि ‘बोलावेस’ ह्यांत जे अंतर, ते ‘आब्लास’ आणि ‘आब्लेस’ ह्यांत आहे, एवढे सांगितले की निम्मे काम होते.

आज्ञार्थाकडे पाहिले म्हणजे साम्य अधिकच लक्षात येते. ‘आब्ला’ म्हणजे ‘बोल’. निषेध करावयाचा झाल्यास स्पॅनिशमध्ये ह्याच रूपामागे नकार लावून चालत नाही. रूप बदलून ‘नो आब्लेस’ म्हणावे लागते. आपणही ‘बोल’च्या मागे ‘न’ लावून थांबत नाही. ‘बोलू नकोस’ अशी निराळी रचना करतो. आदरार्थाचेही तसेच. ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनापासून झाले आहे, म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी असते आणि विनंती सुब्खुन्तीवोत करतात: ‘आब्ले उस्तेद’. ‘आपण बोलावे’ असे म्हणताना मराठी माणूसही आज्ञार्थ टाळतो व विध्यर्थाचा आश्रय घेतो. अर्थ बदलून अदब साधावयाची ही युक्ती दोन्ही भाषांना अवगत आहे. इंग्रजीत ‘बोल’, ‘बोला’ आणि ‘आपण बोलावे’ ह्या तिन्हींचे एकच रूप होते.

हे सारे सांगताना एक सावधगिरी घेतली पाहिजे. मराठी ही स्पॅनिशची गुरुकिल्ली आहे, असा माझा दावा नाही. ‘तो बोलेल तेव्हा’ येथे मराठी भविष्यकाळ वापरते, स्पॅनिश मात्र ‘क्वान्दो आब्ले’ असा सुब्खुन्तीवो वापरते. ‘मी बोलेन असे तो म्हणाला’ ह्यात मराठी मूळ वक्त्याचा काळ तसाच ठेवते, तर स्पॅनिशला तेथे ‘आब्लारीआ’ हे रूप लागते. सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत आपली सवय आडवी येते: ‘मी पत्र लिहिले, चिठ्ठी लिहिली’ असे कर्माप्रमाणे रूप बदलणारा विद्यार्थी स्पॅनिश धातुसाधितही कर्माप्रमाणे बदलू पाहतो, पण ‘आबेर’बरोबर ते आज अविकारी असते. गंमत अशी, की मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये ते कर्माप्रमाणे बदलू शकत असे. म्हणजे आपला विद्यार्थी चुकतो तो काही शतकांनी. आणि सर्वांत मोठी अडचण आघाताची. ‘आब्लो’ ह्या उच्चारात पहिल्या अक्षरावर आघात दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. ‘आब्ले’ हे आघातभेदाने एकदा सुब्खुन्तीवो, एकदा ‘मी बोललो’. ‘आब्लारा’मध्ये मधल्या अक्षरावर आघात असता सुब्खुन्तीवोचा भूतकाळ, अंत्याक्षरावर असता ‘तो बोलेल’. मराठीत आघाताने काळ बदलत नाही, आणि देवनागरीत तो दाखविण्याची रूढ सोयही नाही. तेव्हा मराठीतून लिहावयाच्या पुस्तकात त्यासाठी एखादे चिन्ह योजावेच लागेल. साम्य सांगावे तसे हे भेदही मराठीशी ताडूनच सांगावेत. इंग्रजीशी ताडून सांगितले तर ते आपल्या विद्यार्थ्याला भिडत नाहीत.

परिभाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. आन्तोनियो दे नेब्रिखा ह्याने १४९२ मध्ये कास्तिलियनचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यापुढे आदर्श लॅटिनचा होता. पुढे काराकास येथे जन्मलेल्या आंद्रेस बेयो ह्याने १८४७ मध्ये चिलीत आपले व्याकरण प्रसिद्ध केले ते अमेरिकेतील स्पॅनिश भाषिकांसाठी, आणि आपल्या भाषेची व्यवस्था लॅटिनच्या साच्यातून न पाहता तिच्यातच शोधावी असा आग्रह त्याने धरला. त्याने काळांना दिलेली नावे आजही मेक्सिकोच्या शाळांतून वापरली जातात. ‘आब्लाबा’ला तो ‘को-प्रेतेरितो’ म्हणतो, म्हणजे दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेच्या सोबत चाललेला भूत. ‘आब्लारीआ’ हा ‘पोस-प्रेतेरितो’, भूतानंतरचा. ‘ए आब्लादो’ हा ‘आन्ते-प्रेसेन्ते’, वर्तमानापूर्वीचा. ही नावे मराठीत किती सहज उतरतात पाहा: सहभूत, उत्तरभूत, पूर्ववर्तमान, पूर्वभविष्य. नाव ऐकताच काम कळावे, हा परिभाषेचा गुण संस्कृत परंपरेत वाढलेल्या आपल्याला नवा नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत काळ, अर्थ आणि आख्यात ह्यांची जी चर्चा झाली, ती केवळ मराठीच्या तासापुरती कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की विदेशी भाषा शिकविताना मध्ये कोणतीच भाषा येऊ नये. तत्त्व म्हणून हे मान्य करता येईल. परंतु प्रत्यक्षात मध्ये इंग्रजी येतेच, आणि ती आलेली कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा आक्षेप केंद्रीय विद्यापीठांच्या वर्गाचा आहे: तेथे हिंदी, बंगाली, तमिळ, मराठी सारेच एकत्र बसतात, शिक्षकाने कोणकोणत्या भाषेत बोलावे? शिक्षकाने बोलण्याची गरज नाही. तक्त्यातील अर्थाचा रकाना कोरा ठेवावा, आणि तो प्रत्येकाने आपापल्या भाषेत भरावा. मग वर्गातच दिसेल, की ‘तो बोलेल तेव्हा’ येथे मराठी अडते, पण हिंदी विद्यार्थी ‘जब वह बोले’ असे लिहून आपल्या संभाव्य रूपाने तीच जागा भरतो. मराठी विद्यार्थी ते शेजाऱ्याच्या वहीवरून शिकेल. बहुभाषिक वर्ग ही तेव्हा अडचण राहणार नाही.

इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी कोकणीचे व्याकरण रचले ते पोर्तुगीजमधून, आणि ते १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. विल्यम कॅरी ह्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले ते इंग्रजीतून. आपल्या वाचकाला जी भाषा येते तिच्यातून परक्या भाषेचे क्रियापद त्यांनी समजावून दिले, आणि ते योग्यच केले. आमचा शिक्षक मात्र आमच्या मुलाला तिसऱ्याच भाषेच्या दारातून आत येण्यास सांगतो, व ते दार त्याला अरुंद पडले तर मुलाची उंची चुकली असे म्हणतो.

त्यामुळे वर्गाबाहेर कोण पडतो हा येथला खरा प्रश्न आहे. ज्याचे इंग्रजी पक्के आहे तो कोणत्याही वाटेने पोहोचेल. गावातील शाळेतून आलेला, मराठीवर उत्तम पकड असलेला विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत गळतो, आणि आपण त्याच्या इंग्रजीची परीक्षा घेऊन त्याला स्पॅनिशमध्ये नापास करतो. पन्नास-साठ पानांची एक पुस्तिका, ‘आब्लार’ हे एक क्रियापद, त्याचे सर्व अर्थ व सर्व काळ, प्रत्येक रूपापुढे एक मराठी वाक्य आणि जेथे मराठी साथ देत नाही तेथे तसा स्पष्ट इशारा, एवढ्यापासून आरंभ करता येईल. आजोबा रोज बोलत, हे ज्याला सांगता येते त्याला ‘आब्लाबा’ शिकविणे अवघड नाही.