खरखर हा पुरावा नव्हे!

१/ "जुन्या ध्वनिमुद्रिकेची खरखर हीच तिच्या अस्सलपणाची खूण" हे वाक्य अलीकडे इतक्या भक्तिभावाने उच्चारले जाते की, त्याची उलटतपासणी करणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला भागच आहे. माझा दावा असा : त्या खरखरीचा बराच भाग तबकडीच्या वयाचा नसून वाजवणाऱ्याच्या अज्ञानाचा असतो. #धागा

२/ आधी कबुली. कन्नडच्या घरी आजीच्या पेटीत नाट्यगीतांची एक ७८ची तबकडी निघाली. ती मी एल.पी.च्या पिनेवर लावली आणि खरखर ऐकून "झिजली आहे" असा निकाल देऊन मोकळा झालो. ७८च्या खाचेला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते; एल.पी.चे टोक १८ ते २५ मायक्रॉनचे. माझी पिन खाचेच्या तळाशी घसटत होती. गाणे भिंतींवर कोरलेले होते.

३/ लाखेच्या तबकडीत दगडी भुकटी मिसळलेली असे. ती पोलादी पिनेला घासून खाचेचा आकार देई. म्हणून एक बाजू वाजली की पिन टाकून द्यायची. १९४८ साली कोलंबियाने विनाइलची एल.पी. आणली आणि नाते उलटले. तबकडी मऊ, पिन टिकाऊ. आता चुकीची किंमत तबकडी मोजते.

४/ दुसरा भ्रम : महाग कार्ट्रिज कोणत्याही टोनआर्मवर शोभते. पिनेचा दांडा लवचीक असतो, म्हणजे एक स्प्रिंगच. तिच्यावर आर्म आणि कार्ट्रिज यांचे वस्तुमान झुलते. या जोडीची अनुनाद-वारंवारता साधारण ८ ते १२ हर्ट्झ असावी. सूत्र : १५९ भागिले (ग्रॅममधील एकूण प्रभावी वस्तुमान × लवचिकता) यांचे वर्गमूळ.

५/ कार्ट्रिज ६ ग्रॅमची, लवचिकता ३०. आर्म २० ग्रॅमचा असेल तर उत्तर ५.७ हर्ट्झ. तीच कार्ट्रिज ६ ग्रॅमच्या हलक्या आर्मवर ८.४. उलट, त्या जड आर्मवर तेवढ्याच वजनाची पण १० लवचिकतेची ताठ कार्ट्रिज बसवा : ९.९. मग "चांगली" कोणती? प्रश्नच चुकीचा आहे. जोडी पाहावी लागते.

६/ मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली एल.पी. वाकते. तो बाक सेकंदाला काही वेळा पिनेला वर-खाली ढकलतो. अनुनाद ५-६ हर्ट्झवर असेल तर आर्म डोलू लागतो, पिनेचा दाब कमीजास्त होतो, स्वर थरथरतो. आपण म्हणतो, "जुने रेकॉर्डिंग!"

७/ "रसिकतेला गणित कशाला?" हा आक्षेप ठरलेला. पण हे गणित रसिकांनीच मांडले. पर्सी विल्सन यांनी १९२४ साली 'द ग्रामोफोन' मासिकात पिनेच्या मार्गाचा हिशेब दिला. स्वीडनच्या लोफग्रेन यांनी १९३८ साली तो पुढे नेला.

८/ आमच्या तालुक्यातील पितळखोऱ्याचा ब्राह्मी लेख कोणी छिन्नीने टोकरून वाचू लागला, तर आपण त्याला अभ्यासक म्हणू का? तबकडीही अस्सल साधनच आहे. म्हणून जुन्या मुद्रिका महाजालावर चढवणाऱ्यांकडे एकच मागणी : पिनेचे माप, दाब, कार्ट्रिज आणि आर्म यांची नोंद सोबत द्या. त्याविना "मूळ आवाज" हा शब्द वापरू नका.

९/ पुढे रुंद टोकाची पिन मिळाली. आजीची तबकडी पुन्हा लावली. खरखर थोडी उरलीच. पण गाण्यामागचा ऑर्गन मला त्या दिवशी प्रथमच ऐकू आला. (समाप्त)