दीडशे मीटरच्या आत
संध्याकाळी सातच्या सुमारास दादर पश्चिमेला पूल उतरलात की सोललेला मटार, निवडलेली मेथी, साफ केलेला लसूण, सगळं पिशव्यांत भरून तयार असतं. ऑफिसातून सुटलेली बाई चालता चालताच भाव विचारते, सुट्टे पैसे हातावर ठेवते आणि रात्रीच्या भाजीची सोय करून पुढची लोकल गाठते. हा बाजार स्टेशनमुळेच उभा राहिला. लांब नेला तर तो उरणारच नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. जिन्यावर, पुलाच्या तोंडाशी एकही टोपली नको, यात मला तिळमात्र शंका नाही. पण सरसकट बंदीने बाजार हटला का? पालिकेची गाडी दिसली की ताडपत्रीची चार टोकं धरून गाठोडं गल्लीत पळतं, गाडी गेली की परत येतं, आणि त्या पळापळीत वाट आणखीच अडते. २०१४चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण करा, जागा ठरवून द्या, प्रमाणपत्र द्या, असं सांगतो. मुंबईत ते काम वर्षानुवर्षं रखडलं. जिन्याखालचा भाग पूर्ण मोकळा ठेवून पुढे टेपने मोजून पट्टे आखा, हक्काची जागा द्या. आणि हो, फुटपाथवर पुढे सरकलेल्या पक्क्या दुकानांच्या पायऱ्यांनाही तीच टेप लावा.