ठेच लागली, पुढे काय?

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दिंडोशीच्या जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावरून चाललायत कधी? खांद्यावर लॅपटॉप, हातात मोबाइल आणि एक डोळा फुटपाथवर, कारण कुठला पेव्हर ब्लॉक डुगडुगेल याची गॅरंटी नाही. ठेच लागते, आपण दोन पावलं धडपडतो, कुणी बघितलं नाही ना याची खात्री करतो आणि सटकतो. झालं.

हाच रस्ता कृत्रिम पाय लावलेल्या जवानाला चालायचा असेल तर? (रस्त्याला लष्करप्रमुखांचं नाव आहे, तेव्हा प्रश्न अगदीच ओढूनताणून आणलेला नाही.) कृत्रिम पावलाला खालचं काही जाणवत नाही. दगड काय, ओली फरशी काय, सगळं सारखंच. ठेच लागल्याचं कळेपर्यंत शरीर पुढे झुकलेलं असतं.

पाय बसवायची सोय आपल्याकडे जुनी आहे. पुण्यातलं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४मध्ये सुरू झालं. मुंबईत जन्मलेल्या मेजर जनरल इयन कार्डोझो यांचा पाय १९७१च्या युद्धात सुरुंगाने निकामी झाला. तो त्यांनी खुकरीने स्वतः कापला आणि पुढे कृत्रिम पायावर बटालियन आणि ब्रिगेडही कमांड केली. अंगावर काटा येतो! पण अशा स्टोरीज सांगताना मधलं सगळं आपण फास्ट फॉरवर्ड करतो. पाय बसला, हिरो चालायला लागला. तो किती वेळा पडला, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत सॅन दिएगोच्या नौदल हॉस्पिटलमध्ये नेमकं हेच विचारलं गेलं. गुडघ्याखाली पाय गमावलेले १४ सैनिक, कॉम्प्युटरवर चालणारी ट्रेडमिल आणि अंगाला सेफ्टी हार्नेस. पट्टा मध्येच असा झटका द्यायचा, की ठेच लागल्यासारखंच व्हावं. अर्ध्या तासाची सहा सेशन्स, दोन आठवड्यांत. आपल्याकडे पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो; इथे ज्याला ठेच, त्यालाच शहाणपण.

गंमत म्हणजे सगळा खेळ पायापेक्षा धडाचा. धड जेवढं पुढे कोसळतं, तेवढं पुढचं पाऊल वेळेत टाकणं कठीण. २०१४मध्ये निष्कर्ष छापून आले. कृत्रिम पायाला ठेच लागली की ट्रेनिंगआधी धड सरासरी ४२ अंश झुकायचं, नंतर ३१. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तरी फरक टिकून होता. मला तरी हे ‘जिद्द’वाल्या कुठल्याही भाषणापेक्षा भारी वाटतं. कारण पडायच्या भीतीने माणूस आधी जिना टाळतो, मग गर्दी, मग घराबाहेर पडणंच. चालणं कमी, स्नायू ढिले आणि पडायची शक्यता आणखी जास्त.

आपल्या शहरात पाय जातात ते सुरुंगाने नाही. लोकलखाली जातात, बाइकवरून जातात, डायबिटीसने जातात. पुण्याच्या सेंटरमध्ये सिव्हिलियन्सनाही पाय बसवून मिळतो. ओळखीत कुणाला गरज असेल, तर कुठल्याही फिजिओला ‘चालायला कधी लागणार?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘ठेच लागली तर सावरायचं कसं, ते कधी शिकवणार?’ हेही विचारा. ट्रेडमिल नसली तरी आधार देऊन, हळूच धक्का देऊन तोल सावरायचा सराव ते करून घेऊ शकतात. फक्त घरच्या घरी, यांच्या देखरेखीशिवाय ट्राय करू नका, प्लीज.